विंडोज १० चा आधार संपला. जुना संगणक भंगारात देण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळाचा विचार करा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार थांबवला. काही अटींवर किंवा पैसे भरून घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील, पण तो एका वर्षाचा दिलासा आहे. विंडोज ११ साठी ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणक एका फटक्यात 'जुने' ठरले. कॅनॅलिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज मांडला होता की या एका निर्णयामुळे जगभरात सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात.

याच्या अठरा दिवस आधी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारच्या डेटा सेंटरला आग लागली. लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना ती पेटली. सहाशेहून अधिक सरकारी संगणक-सेवा बंद पडल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे सुरू झाल्या, पण 'जी-ड्राइव्ह' नावाचे सरकारी कर्मचाऱ्यांचे फाइल-भांडार कायमचे गेले. त्यात सुमारे ८५८ टेराबाइट माहिती होती. आकार फार मोठा आहे या कारणाने तिची बाहेर कुठेही दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. जगातल्या सर्वांत प्रगत डिजिटल प्रशासनांपैकी एकाची ही गोष्ट आहे.

या दोन बातम्या एकत्र वाचायला हव्यात. पहिली सांगते की आपल्या विहारांच्या, अभ्यासिकांच्या, संघटनांच्या कार्यालयांत आणि घरांत येत्या वर्षभरात बरेच संगणक बिनकामाचे म्हणून बाजूला पडणार आहेत. दुसरी सांगते की माहितीची एकच प्रत असेल, तर ती सरकारकडे असली तरी सुरक्षित नसते. टाकून दिलेल्या त्या संगणकाला एक काम देता येईल का, हा या लेखाचा विषय आहे. ते काम म्हणजे संस्थेच्या संकेतस्थळाची आणि डेटाबेसची रोज, ठरल्या वेळी, आपोआप प्रत घेऊन ठेवणे.

आपले काय पणाला लागले आहे?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चळवळीचे लेखन कागदावरून पडद्यावर आले. अत्याचाराच्या घटनांच्या नोंदी, सत्यशोधन अहवाल, व्याख्यानांचे शब्दांकन, वर्धापन दिनाचे फोटो, शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती, वधू-वर नोंदणी, अभ्यासिकेच्या सभासदांची यादी, असे बरेच काही आता फक्त एखाद्या संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये आहे. पूर्वी एखाद्या पाक्षिकाचा अंक छापला, की त्याच्या पाचशे प्रती पाचशे घरांत जात. कार्यालय जळाले तरी कुणाच्या तरी ट्रंकेत जुना अंक सापडायचा. संकेतस्थळावरचा लेख हजारो लोक वाचतात, पण त्याची मूळ प्रत एकाच सर्व्हरवर असते.

दुसऱ्यांच्या मंचावर भरवसा ठेवल्याचा अनुभवही आपल्याला आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि त्यांचा मजकूर त्याआधीच काढून टाकण्यात आला होता. त्या दशकातील तरुणांच्या किती चर्चा, किती वाद, किती पहिलेवहिले लेख त्यात गेले, याची मोजदाद आता होऊ शकत नाही. कंपनीने सूचना दिली होती, मुदतही दिली होती. मुदतीत उतरवून घेणारे कोणी नव्हते.

प्रतींचे महत्त्व आपल्या इतिहासाला नवे नाही. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा फक्त एक तुकडा सापडला. तरीही तो पूर्ण लेख आज आपण वाचू शकतो, कारण तोच मजकूर गिरनार, कालसी, शाहबाजगढीसारख्या दूरदूरच्या ठिकाणीही कोरलेला होता. पाली साहित्य भारतात लुप्त झाले, पण श्रीलंका, ब्रह्मदेश, सयाम येथे त्याच्या प्रती राहिल्या, म्हणून धर्मानंद कोसंबींसारख्या अभ्यासकाला ते शिकायला श्रीलंकेला जाता आले. एका ठिकाणची प्रत नष्ट होणार, हे गृहीत धरूनच दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची असते.

'होस्टिंगवाला बॅकअप ठेवतोच की!'

संस्थेच्या बैठकीत हा विषय काढला, की पहिले उत्तर हेच येते. ते अर्धे खरे आहे. बहुतेक होस्टिंग कंपन्या स्वतःच्या सोयीसाठी प्रती ठेवतात. पण करारातील बारीक अक्षरे वाचली, तर ग्राहकाने स्वतःची प्रत स्वतः ठेवावी, असे बहुधा लिहिलेले असते. शिवाय कंपनीची प्रत कंपनीकडेच असते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीचे एक डेटा सेंटर पूर्ण जळाले. सुमारे ३६ लाख संकेतस्थळे बंद पडली. ज्या ग्राहकांची बॅकअप प्रत त्याच आवारात होती, त्यांची मूळ माहिती आणि प्रत दोन्ही एकाच आगीत गेली.

आपल्याकडे मात्र आगीपेक्षा साधी कारणे जास्त घडतात. होस्टिंगचे वार्षिक पैसे भरायचे राहिले आणि खाते बंद झाले. डोमेन ज्याच्या ईमेलवर घेतले होते, तो कार्यकर्ता नोकरीनिमित्त परगावी गेला किंवा त्याचे संस्थेशी बिनसले. जुने प्लगिन अपडेट न केल्याने संकेतस्थळ हॅक झाले आणि लेखांच्या जागी जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. अशा वेळी कंपनीकडे मागच्या आठवड्याची प्रत असली, तरी त्या प्रतीतही जुगाराच्या जाहिराती असू शकतात, कारण घुसखोरी महिनाभर आधी झालेली असते.

आपली प्रत असली तर काय होते, याचे उदाहरणही देशात आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. ओपीडीच्या नोंदणीपासून सगळे काम कित्येक दिवस हाताने कागदावर करावे लागले. पण ई-हॉस्पिटलची माहिती एका बॅकअप सर्व्हरवर सुरक्षित राहिली होती आणि तिच्यावरूनच ती परत उभी करण्यात आली, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. हल्ला टळला नाही, पण माहिती वाचली.

नेमके काय जपायचे?

वर्डप्रेससारख्या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळाचे दोन भाग असतात आणि दोन्ही जपावे लागतात.

पहिला भाग डेटाबेस. लेख, प्रतिक्रिया, सभासदांची नावे, तारखा, सगळे यात असते. तो बहुधा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीमध्ये असतो. त्याची फाइल सरळ कॉपी करून चालत नाही. कॉपी सुरू असतानाच कोणी नवा लेख टाकला, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी मोडकी प्रत तयार होते. त्यासाठी 'मायएसक्यूएलडम्प' नावाची आज्ञा आहे. ती पूर्ण डेटाबेस एका मजकूर-फाइलमध्ये उतरवते. तिला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय दिला, की इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांची एका क्षणाची सुसंगत प्रत मिळते आणि संकेतस्थळ बंदही ठेवावे लागत नाही.

दुसरा भाग फाइलींचा. फोटो, पीडीएफ, थीम, प्लगिन आणि डेटाबेसचा पत्ता-पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल. डेटाबेस आहे पण फोटो नाहीत, अशी प्रत घेऊन बसलेल्या संस्था कमी नाहीत. लेख परत येतात, पण प्रत्येक लेखात चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते.

मराठीसाठी एक वेगळी काळजी घ्यावी लागते. डम्प घेताना आणि परत चढवताना अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ एमबी४ ठेवावी. ती चुकली तर सगळ्या लेखांत अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दिसतात, आणि प्रश्नचिन्हे एकदा साठवली गेली की त्यातून मूळ अक्षर परत मिळत नाही. जुने अंक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्टही प्रतीसोबत ठेवावा. फॉन्ट नसेल तर तो मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो.

हे सगळे फार मोठे असेल, अशी भीती बाळगू नये. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. हजार शब्दांचा लेख साधारण १६ ते २० किलोबाइटचा होतो. असे पाच हजार लेख म्हणजे सुमारे १०० मेगाबाइट, आणि दाबून ठेवले की त्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. वीस वर्षांचे लेखन एका जुन्या पेन ड्राइव्हवर मावते. जागा खातात ते फोटो, पण ते रोज बदलत नाहीत. 'आरसिंक'सारखी आज्ञा फक्त नवे किंवा बदललेले फोटोच उतरवते.

जुन्या संगणकाला हे काम जमते का?

जमते. बॅकअपच्या कामाला वेगवान प्रोसेसर लागत नाही. फाइल आणायची, दाबायची, ठेवायची आणि जुनी काढायची. दोन-चार जीबी रॅमचा दहा वर्षांपूर्वीचा संगणक हे सहज करतो. पण काही गोष्टी आधी तपासाव्या लागतात.

प्रणाली : आधार संपलेल्या विंडोजवर इंटरनेट वापरणे धोक्याचे आहे आणि हा धोका दर महिन्याला वाढत जाणार. त्याऐवजी लिनक्स टाकावे. ते मोफत आहे. संगणक ६४-बिटचा असेल तर डेबियन किंवा लिनक्स मिंट चालते. फारच जुना, ३२-बिटचा असेल, तर पर्याय कमी झाले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट संगणकावर नव्याने बसवण्याची सोय काढली. डेबियन १२ मात्र अजून चालते आणि तिला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे.

घड्याळाचा सेल : ही सर्वांत छोटी आणि सर्वांत त्रासदायक गोष्ट. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग ठरल्या वेळी काम सुरू होत नाही, सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र 'अवैध' दिसते म्हणून जोडणी होत नाही आणि फाइलींवर चुकीच्या तारखा पडतात. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. काम सुरू करण्याआधी तो बदलून टाकावा आणि इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय चालू ठेवावी.

हार्ड डिस्क : जुन्या संगणकात सर्वांत आधी जाते ती हीच. 'स्मार्ट' चाचणीत खराब सेक्टर वाढताना दिसले, तर डिस्क बदलावी. बाहेरून जोडायची डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि बॅकअप अर्ध्यावर तुटतो.

वीज : जुना डेस्कटॉप साधारण ८० वॅट खातो असे धरले, तर चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला सुमारे ५८ युनिट होतात. संस्थेला तो भुर्दंड नको. बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये ठरल्या वेळी संगणक आपोआप सुरू होण्याची सोय असते. पहाटे तासभर चालून तो स्वतःच बंद झाला, तर महिन्याला अडीच युनिटही लागत नाहीत. ग्रामीण भागात जिथे रात्री वीज जाते, तिथे जुना लॅपटॉप जास्त सोयीचा, अर्थात त्याची बॅटरी जिवंत असेल तर. फुगलेली बॅटरी दिसली तर ती आधी काढावी. देजॉनची आग बॅटरीनेच लागली होती.

वेळापत्रक कसे लावायचे?

काम दोन टप्प्यांत वाटावे. पहिला टप्पा सर्व्हरवर. बहुतेक होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये 'क्रॉन जॉब' नावाची सोय असते. क्रॉनला पाच गोष्टी सांगायच्या असतात : मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि आठवड्याचा वार. वाचक कमी असतात अशी वेळ निवडावी, समजा पहाटे दोन. पण सर्व्हर परदेशात असेल तर त्याचे घड्याळ बहुधा यूटीसीवर असते आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. आपले पहाटेचे दोन म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे साडेआठ. डम्पची फाइल संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये. तिथे ठेवली तर पत्ता ओळखणारा कोणीही ती उतरवून घेऊ शकतो.

दुसरा टप्पा आपल्या जुन्या संगणकावर. पहाटे तीनला तो सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करतो आणि तयार फाइल ओढून आणतो. 'ओढून आणणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्व्हरने आपल्या संगणकाकडे फाइल ढकलली, तर सर्व्हरवर घुसलेल्या माणसाला आपल्या संगणकाचाही रस्ता सापडतो. आपणच ओढून आणली, तर सर्व्हरकडे आपल्या संगणकात शिरण्याची चावी नसते.

साध्या क्रॉनचा एक दोष आहे. ठरल्या वेळी संगणक बंद असेल, तर ते काम त्या दिवसापुरते सुटते. लिनक्सवर 'अ‍ॅनाक्रॉन' हे साधन सुटलेले काम संगणक सुरू झाल्यावर करून घेते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर काम सुरू करण्याचा पर्याय आहे. तो निवडावा लागतो. लॅपटॉप असेल तर 'फक्त वीज जोडलेली असतानाच चालवा' ही खूणही पाहून घ्यावी, नाहीतर बॅटरीवर असताना काम सुरूच होत नाही.

किती प्रती ठेवायच्या? एकच प्रत रोज पुसून नवी ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. आज हॅक झालेले महिन्याने लक्षात आले, तर महिनाभरापूर्वीची प्रत हवी. शेवटच्या ७ दिवसांच्या रोजच्या, ४ आठवड्यांच्या साप्ताहिक आणि १२ महिन्यांच्या मासिक, अशा २३ प्रती पुरतात. एक डम्प ५० मेगाबाइटचा धरला तरी सगळे मिळून सव्वा जीबीच्या आत बसते. गुगल ड्राइव्हसारख्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरवर विसंबू नये. मूळ ठिकाणी फाइल पुसली की तिथेही पुसली जाते.

आणि हा संगणक एकटा पुरेसा नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक सोपा नियम जगभर वापरला जातो : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. मूळ संकेतस्थळ ही पहिली प्रत, जुना संगणक ही दुसरी. महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर घेऊन, ती डिस्क काढून दुसऱ्या गावच्या कार्यकर्त्याकडे ठेवली, की तिसरी. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा एकाच गावातल्या दोन घरांत ठेवलेल्या दोन्ही प्रती बुडू शकतात हे कोकणाने पाहिले आहे.

बॅकअप होतो आहे, हे कशावरून?

आपोआप चालणाऱ्या कामाचा मोठा धोका हा, की ते बंद पडले तरी कोणाला कळत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. बॅकअपच्या अनेक पद्धती कागदावर होत्या. त्यातली एकही ऐन वेळी नीट चालली नाही. डम्प घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती जुळत नव्हती, म्हणून तो बरेच दिवस अपयशी होत होता. अपयशाच्या सूचनेचे ईमेल जात होते, पण ते पलीकडे नाकारले जात होते. अखेर कोणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. कंपनीने हे सगळे लपवले नाही, जाहीर लिहिले. त्या प्रामाणिकपणामुळे जगाला धडा मिळाला.

तो धडा असा : बिघडल्याची सूचना मागू नका, झाल्याची सूचना मागा. दर सोमवारी टेलिग्राम किंवा ईमेलवर एक ओळ यावी, शेवटच्या प्रतीची तारीख आणि आकार किती. ती ओळ आली नाही, की काहीतरी बिघडले हे समजावे. आकार पाहणे आवश्यक आहे, कारण डम्प अपयशी झाला तरी दाबलेली रिकामी फाइल तयार होतेच. ती अवघ्या २० बाइटची असते आणि नाव मात्र खऱ्या प्रतीसारखेच असते. डम्प पूर्ण झाला तर फाइलच्या शेवटच्या ओळीत तो पूर्ण झाल्याची नोंद असते. तीही तपासता येते.

आणि दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष परत चढवून पाहावे. दुसऱ्या संगणकावर झॅम्पसारखे मोफत साधन टाकून त्यात डेटाबेस चढवायचा आणि चार गोष्टी पाहायच्या : शेवटचा लेख आहे का, मराठी नीट वाचता येते का, फोटो उघडतात का, आत प्रवेश करता येतो का. ज्या प्रतीवरून संकेतस्थळ परत उभे करून पाहिलेले नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

लोकांची माहिती ही जबाबदारी आहे

प्रत घेणे म्हणजे लोकांची खासगी माहिती आणखी एका ठिकाणी ठेवणे. वधू-वर नोंदणीतील फोन नंबर, विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, अत्याचारग्रस्त कुटुंबांचे पत्ते यात असतात. ती फाइल चुकीच्या हाती गेली, तर होणारे नुकसान संकेतस्थळ बंद पडण्यापेक्षा मोठे असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हेच नियम माहिती नष्ट झाल्यास काम सुरू राहावे यासाठी बॅकअपसारखे उपायही अपेक्षित धरतात. म्हणजे प्रत ठेवायची आणि ती कुलूपबंद ठेवायची, या दोन्ही गोष्टी कायद्याला हव्या आहेत.

म्हणून दुसऱ्या गावी जाणारी डिस्क पासवर्डने कूटबद्ध केलेलीच असावी. सेव्हन-झिपसारखे मोफत साधन ते करते. आणि ज्या माहितीचे काम संपले, उदाहरणार्थ पाच वर्षांपूर्वीच्या शिबिराचे आधार क्रमांक, ती आधी मूळ डेटाबेसमधूनच काढून टाकावी. नको असलेल्या माहितीची प्रत घेऊन आपण फक्त धोका वाढवतो.

खरा प्रश्न मालकीचा

यातले तंत्र कोणताही संगणक शिकणारा तरुण दोन रविवारांत आत्मसात करू शकतो. अडते ते दुसरीकडे. डोमेन कोणाच्या नावावर, होस्टिंगचा पासवर्ड कोणाकडे, पैसे कोणाच्या कार्डावरून जातात, या तीन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच संस्थांत एकाच व्यक्तीच्या नावाने मिळतात. ती व्यक्ती प्रामाणिक असते, कष्टाळू असते, बहुधा स्वतःच्या खिशातून पैसे भरत असते. तरीही ही व्यवस्था चुकीची आहे. संस्थेचे बँक खाते दोन सह्यांनी चालते, तर संस्थेची वीस वर्षांची स्मृती एका माणसाच्या मोबाइलवर का असावी? घटना, ठराव, इतिवृत्त यांचे महत्त्व जाणणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या मासिक बैठकीत एवढे ठराव घेता येतील :

१. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या अधिकृत ईमेलवर घ्यावे आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात नोंदवावी.

२. सर्व पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे सीलबंद पाकिटात असावेत; पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलावेत.

३. एक जुना संगणक फक्त बॅकअपसाठी राखून ठेवावा. त्यावर दुसरे काहीही करू नये, चित्रपट आणि पेन ड्राइव्ह तर नाहीच.

४. दोन तरुणांवर, एकावर नव्हे, ही जबाबदारी सोपवावी आणि कामाची कृती मराठीत एका पानावर लिहून संगणकावर चिकटवावी.

५. तीन महिन्यांतून एकदा प्रत परत चढवून पाहिल्याचा अहवाल बैठकीत वाचावा.

मोठी डेटा सेंटरे आपल्या हातात नाहीत. मायक्रोसॉफ्टने कोणता संगणक कधी जुना ठरवावा, हेही आपण ठरवत नाही. पण कार्यालयाच्या कोपऱ्यात कपड्याखाली झाकलेला तो संगणक आपला आहे आणि त्यावर काय राहावे, हे आपण ठरवू शकतो. भंगारवाला त्याचे काही शे रुपये देईल. त्याच संगणकावर संस्थेचे पुढच्या पिढीसाठीचे दप्तर राहू शकते. विकण्याआधी निदान बैठकीत विषय तरी घ्या.

जय भीम!